चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मात आंदोलनाची जुनी केस लिहावी का?

पऱ्हाटीचं फूल

नमस्कार मंडळी. वरोरा तालुक्यातल्या खेड्यातून लिहिते आहे. माझ्या धाकट्या भावानं आयटीआय केलं, मग एओसीपी, म्हणजे रासायनिक कारखान्यातला ऑपरेटर, या ट्रेडमध्ये अप्रेंटिसशिप केली आणि त्यानंतर तीन वर्षं घरीच होता. आता दारूगोळा बनवणाऱ्या सरकारी कंपनीत डीबीडब्ल्यू म्हणून त्याची निवड झाली आहे. डीबीडब्ल्यू म्हणजे जिथं स्फोटकं भरतात त्या इमारतीतला कामगार. नोकरी टेन्युअरची आहे, कायम नाही, पण घरात पगार येईल.

काल साक्षांकनाचा, म्हणजे चारित्र्य पडताळणीचा, फॉर्म आला. त्यात विचारलं आहे की कधी अटक झाली का, खटला झाला का, दंड झाला का, शिक्षा झाली का, आज एखादी केस चालू आहे का. भाऊ एकोणीस वर्षांचा असताना कापसाच्या भावासाठी गावानं रास्ता रोको केला होता. एफआयआरमध्ये चाळीसेक नावं टाकली, त्यात हाही होता. भाऊ म्हणतो केस केव्हाच मिटली. गावातले सगळे आणि फॉर्म भरून देणारा झेरॉक्सवाला म्हणतात, 'सगळीकडे नाही लिही, कोण बघतं.' आईला दोन रात्री झोप नाही. पुढच्या सोमवारी फॉर्म द्यायचा आहे. खरं लिहिलं तर नोकरी जाईल का?

संत्रीवाला

ताई, नका लिहू. माझ्या पुतण्याचं असंच झालं. भांडणाची केस होती, निर्दोष सुटला होता, इमानदारीनं लिहिलं तर फाइल आठ महिने अडकली. तोवर त्याचं लग्न मोडलं. रास्ता रोको म्हणजे का दरोडा हाय? आपल्याकडे ज्याच्यावर आंदोलनाची केस नाही असा शेतकऱ्याचा पोट्टा दाखवा मले.

काळा कोट

संत्रीवाला भाऊ, तुमच्या पुतण्याचं वाईट वाटलं, पण हा सल्ला ताईंच्या भावाला खड्ड्यात घालणारा आहे. मी तालुका कोर्टात वकिली करतो, असल्या फाइली वर्षाला पाच-सात तरी हाताखालून जातात.

अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी जुलै २०१६ मध्ये निकाल दिला. नोकरीच्या फॉर्मात गुन्ह्याची माहिती लपवली तर काय करायचं, हे त्यात नीट मांडलं आहे. कोवळ्या वयात घोषणा दिल्या, असा किरकोळ गुन्हा असेल आणि तो सांगितला असता तरी माणूस नोकरीला अपात्र ठरला नसता, तर मालक ती लपवाछपवी माफ करू शकतो. 'करू शकतो' या शब्दांवर बोट ठेवा. करावीच असं नाही. माफ करणं त्याच्या हातात आहे, तुमच्या नाही. खरं सांगितलं तरीही नेमणूक द्यायलाच पाहिजे असं बंधन मालकावर नाही, हेही त्यात आहे. पण खरं सांगितलेल्या फाइलवर 'गुन्हा किती गंभीर' एवढाच विचार होतो. लपवलेल्या फाइलवर 'हा माणूस खोटं बोलतो' हा शेरा आधी बसतो. दारूगोळ्याच्या कारखान्यात या शेऱ्याला फार वजन आहे.

आता ताई, मला एक सांगा. केस 'मिटली' म्हणजे नेमकं काय झालं? निर्दोष सुटका झाली, सरकारनं खटला मागे घेतला, की कोर्टात गुन्हा कबूल करून दंड भरला? लोक तिन्हीला 'मिटली' म्हणतात, फॉर्मात मात्र तिन्हीची उत्तरं वेगळी होतात.

पऱ्हाटीचं फूल

वकीलसाहेब, भावाला विचारलं. तो म्हणतो, वरोऱ्याच्या कोर्टात सगळ्यांना एकाच दिवशी बोलावलं होतं. साहेबांनी विचारलं, कबूल आहे का. सगळे हो म्हणाले. प्रत्येकी ४०० रुपये भरले, संध्याकाळपर्यंत तिथंच बसवून ठेवलं आणि सोडून दिलं. आईनं पावती पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली आहे, आताच पाहिली.

काळा कोट

मग ती शिक्षा आहे. 'कोर्ट उठेपर्यंत कैद आणि ४०० रुपये दंड' असा आदेश झाला असणार. चाळीस जणांनी रोज खोटी करून तारखा कशाला करायच्या म्हणून कबूल केलं, गावाच्या हिशेबानं विषय संपला. पण कायद्याच्या भाषेत तुमचा भाऊ दोषी ठरला आणि त्याला दंड झाला. 'खटला झाला का', 'दंड झाला का' आणि 'शिक्षा झाली का' या तिन्ही रकान्यांत 'होय' येतं. जमावबंदी मोडणं, रस्ता अडवणं या कलमांत माणूस सहसा नालायक ठरत नाही. ज्या रकान्यात 'नाही' लिहायला झेरॉक्सवाला सांगतो, तिथंच नोकरी जाऊ शकते.

उद्याच नकलेचा अर्ज करा. आदेशाची प्रमाणित प्रत हातात आल्याशिवाय एक अक्षर लिहू नका. आठवणीनं लिहिलेलं कलम चुकलं तरी लपवल्यासारखंच दिसतं.

माजी सुभेदार

जय हिंद. फौजेतून निवृत्त झाल्यावर मी डीएससीत होतो, म्हणजे दारूगोळ्याच्या डेपोवर आणि कारखान्यांवर पहारा देणारं दल. कुठं ते लिहीत नाही.

बेटा, हा फॉर्म कायले असते ते समजून घे. गेटवर आम्ही काडेपेटी काढून घ्यायचो, बिडी, मोबाइल, किल्ल्यांचा झुपका, लोखंडी खिळ्याचा जोडा काढून ठेवायला लावायचो. बारुदीच्या इमारतीत शिरायच्या आधी हर माणूस दारातल्या तांब्याच्या पट्टीवर हात टेकवते, अंगातली वीज उतरावी म्हणून. सुती कपडा, खिशात काही नाही. इतकं सगळं केल्यावर आत जाते तो माणूस. त्याच्या मनात काय हाय हे तांब्याची पट्टी सांगत नाही. म्हणून फॉर्म.

पोलिसांचा शिपाई गावात येईल, पोलीस पाटलाला विचारील, ज्या दोघांची नावं ओळखीचे म्हणून लिहिली त्यांच्याकडे जाईल. गावाला ती केस माहीत हाय. पोलीस ठाण्याच्या रजिस्टरला माहीत हाय. फक्त फॉर्मालेच माहीत नाही, असं कसं चालंल?

पुलगाव आठवते ना? ३० आणि ३१ मे २०१६ च्या मधली रात्र. केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली, अधिकारी गेले, आग विझवणारे गेले, आमच्या डीएससीचे जवान गेले. आगरगावचे लोक लेकरं उचलून अंधारात पळाले. त्या रात्रीनंतर मी कोणाचाही फॉर्म हलका समजलो नाही.

संत्रीवाला

सुभेदारसाहेब, तुमच्यापुढे हात जोडतो. पण मग हे सांगा, पुलगावलाच २० नोव्हेंबर २०१८ ला जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला, सहा माणसं गेली. त्यात ठेकेदाराच्या रोजीवर गेलेले आजूबाजूच्या गावचे मजूर होते. त्यांची पडताळणी किती झाली होती? त्यांना कोणी शिकवलं होतं की पेटी कशी धरायची? कायम नोकरीवाल्याला दहा रकाने आणि ठेकेदाराच्या मजुराला एक अंगठा. माझा राग ह्याच्यावर हाय. आपला कापूसवाला पोट्टा चाळणीत अडकते आणि चाळणीलाच भोक हाय.

गेट नंबर दोन

संत्रीवाला यांचं हे म्हणणं खरं आहे आणि मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. नागपूर जिल्ह्यात संरक्षण खात्याला माल देणाऱ्या एका खासगी कारखान्यात मी चार वर्षं सिक्युरिटी सुपरवायझर होतो. नाव घेणार नाही.

कंपनीची स्वतःची माणसं नीट तपासलेली असायची. ठेकेदाराची माणसं आली की त्यांचा गठ्ठा यायचा. एकदा पॅकिंगच्या कामाला चाळीस माणसं आली. संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर मी गठ्ठा घेऊन बसलो. चाळीसच्या चाळीस फॉर्म एकाच निळ्या बॉलपेननं, एकाच हातानं भरलेले. 'ळ' काढायची पद्धतसुद्धा एकच. ओळखीची व्यक्ती म्हणून सगळ्यांवर एकाच किराणा दुकानदाराचं नाव. बालाघाटच्या पोराला काटोलचा दुकानदार ओळखतो, गोंदियाच्या पोरालाही तोच ओळखतो. मी त्या दुकानात गेलो. म्हातारा माणूस, गुळाची ढेप फोडत होता. म्हणाला, 'ठेकेदार किराणा उधार नेते, मी सही देतो. माणसं मी पाह्यली नाही.'

दुसऱ्या दिवशी गेटवर पास आणि चेहरा जुळवायला बसलो, तर तिघं भावाच्या पासवर आलेले. वाईट नव्हते बिचारे. भाऊ तापानं पडला, रोजी बुडू नये म्हणून हा आला. पण भावाला जे प्रशिक्षण दिलं होतं ते ह्याला कुठं होतं? मी तिघांना परत पाठवलं, वर अहवाल दिला. ठेकेदार माझ्यावर चिडला, वरचे साहेब 'प्रॉडक्शन थांबवता का' म्हणाले. सहा महिन्यांनी मी नोकरी सोडली. त्या अहवालाची कॉपी अजून माझ्या कपाटात आहे.

वर्धेकर मास्तर

गेट नंबर दोन, तुमच्यासारखी माणसं पाहिजेत. यावर काही नियमच नाहीत का?

गेट नंबर दोन

आहेत, मास्तर. संरक्षणाचा माल बनवायचं लायसन्स घेतलं की संरक्षण उत्पादन विभागाची २०१४ ची सुरक्षा नियमपुस्तिका लागू होते. उत्पादन किती नाजूक आहे त्यावरून कारखान्यांचे ए, बी, सी असे तीन वर्ग केले आहेत. एमध्ये सगळ्यात कडक, सीमध्ये ज्यात गुपित काही नाही असा साधा माल. कुंपण, गेट, कागदपत्रं, संगणक, माणसांची पडताळणी, सगळं त्यात येतं. स्फोटकं असली की पेसोचं, म्हणजे स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचं, लायसन्स वेगळं, १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे नियम. पेसोचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. आणि गुपित फोडलं तर १९२३ चा शासकीय गुपितं कायदा बसलाच आहे.

म्हणजे कागदावर कमी नाही. पण तपासणारा वर्षातून एखाद्या दिवशी फाइल बघतो आणि ठेकेदार रोज माणसं बदलतो.

झाडीपट्टी

मी भंडाऱ्याची. २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरच्या कारखान्यात स्फोट झाला, आठ कामगार गेले. आमच्या घराच्या काचा थरथरल्या, पहिल्यांदा वाटलं ट्रान्सफॉर्मर उडाला. मग धूर दिसला. दुपारभर बाया गेटसमोर नवऱ्याचा, पोराचा फोन लावत उभ्या होत्या. आणि फोन तर आत नेताच येत नाही, ते गेटवरच्या खणात वाजत होते.

हे लिहिताना हात थांबतो. फक्त एवढंच म्हणायचं आहे की पडताळणी आणि सुरक्षितता ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या आठही जणांचे कागद चोख असतील. ताई, भावाला नोकरी लागली की त्याला सांगा, रोज नियम पाळ आणि काही चुकीचं दिसलं तर बोल.

दूरदेशी आर्वीकर

मूळचा आर्वीचा, सध्या अमेरिकेत व्हर्जिनियात आहे. माझं काम संरक्षणाशी संबंधित नाही, पण शेजारी संरक्षण खात्याच्या ठेकेदार कंपनीत होता. एक दिवस तपासनीस बाई दारात. ओळखपत्र दाखवलं, बसल्या आणि शेजाऱ्याबद्दल अर्धा तास विचारलं. किती वर्षं ओळखता, दारू किती पितो, पैशाची ओढाताण दिसते का, परदेशात कोण नातेवाईक आहेत. आपला पोलीस पाटील जे सांगतो तेच, फक्त इथं ते अनोळखी शेजाऱ्याकडून काढतात.

इथं एसएफ-८६ नावाचा फॉर्म असतो, शंभराहून जास्त पानांचा. २०१९ पासून पडताळणी आणि ठेकेदार कंपन्यांवरची देखरेख या दोन्ही गोष्टी डीसीएसए या एकाच संस्थेकडे आहेत. दहा हजारांहून जास्त कारखाने आणि कार्यालयं तिच्या नजरेखाली येतात. नुसता माणूस पास होऊन चालत नाही, कंपनीही पास व्हावी लागते, तिच्यात परकीय मालकीचा हात किती तेही पाहतात. प्रत्येक कंपनीत एक सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो आणि गडबड दिसली की कळवणं त्याचं काम.

काळा कोट यांनी जे सांगितलं तेच इथंही चालतं. जुना किरकोळ गुन्हा काळ लोटला की सहसा माफ होतो, फॉर्मात खोटं लिहिणं सहसा माफ होत नाही.

संत्रीवाला

आर्वीकर भाऊ, पैशाची ओढाताण विचारतात म्हणता. म्हणजे कर्ज असलं की माणूस धोक्याचा? मग राजेहो, आपल्या यवतमाळ-वर्ध्यात एकही पोट्टा पास होणार नाही. सोसायटीचं, बँकेचं, सावकाराचं, कृषी केंद्राचं, सगळ्याचं देणं हाय.

दूरदेशी आर्वीकर

प्रश्न रास्त आहे भाऊ, माझ्या बापाच्या सातबाऱ्यावरही बोजा होता. त्यांची भीती अशी असते की कर्जात बुडालेल्याला कोणी पैसे दाखवून माहिती काढून घेईल. पण त्यांच्या निकषांतच लिहिलं आहे की आजारपण, नोकरी जाणं, अशी हाताबाहेरची कारणं असतील आणि माणूस फेडायची धडपड करत असेल, तर ते त्याच्या बाजूनं धरायचं. नापिकीचं कर्ज आणि जुगाराचं कर्ज यांत फरक करायचा. आपल्याकडेही हा फरक लिहून ठेवला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

एकदा पडताळणी झाली की संपलं, हे मात्र इथं महागात पडलं. सप्टेंबर २०१३ मध्ये वॉशिंग्टनच्या नौदल आवारात ठेकेदार कंपनीच्या एका माणसानं बारा जणांना गोळ्या घातल्या. त्याच्याकडे रीतसर मंजुरी होती. काही वर्षांपूर्वी त्यानं एका गाडीच्या टायरवर गोळ्या झाडल्या होत्या, आणि पडताळणीच्या अहवालात ते 'टायरची हवा काढली' असं उतरलं होतं. बंदुकीचा शब्दच नव्हता. आता इथं ठरावीक वर्षांनी फेरतपासणी करण्याऐवजी सतत नजर ठेवायची पद्धत आणली आहे.

काळा कोट

'टायरची हवा काढली'. गेट नंबर दोन यांचा निळा बॉलपेन आणि हे, एकाच जातीची चूक. विचारणाऱ्यानं जागेवर जाऊन विचारलं नाही.

आणि सतत नजरेची गोष्ट आपल्या फॉर्मातही एका ओळीत आहे, कोणी वाचत नाही. फॉर्म दिल्यानंतर अटक झाली, खटला झाला, तर तेही ताबडतोब कळवायचं असतं. ताई, भावाला ती ओळ वाचून दाखवा.

मोहाचं झाड

थोडं विषयांतर करतो. ताईंनी झेरॉक्सवाल्याचं लिहिलं म्हणून आठवलं. आमच्या तालुक्याच्या गावी एका झेरॉक्सच्या दुकानात मी फॉर्म टाइप करायला गेलो, तर संगणकाच्या पडद्यावर 'मिल्ट्री' नावाचा फोल्डर. उघडला तर गेल्या पाच-सहा वर्षांत फौजेत, कारखान्यात लागलेल्या पोरांचे सगळे फॉर्म तसेच पडलेले. आधार, बापाचं नाव, मामाचं गाव, बहिणीचं सासर. बाजूच्या खुर्चीत कोणीही बसावं. मी दुकानदाराला समजावून सांगितलं. त्याच्या ध्यानातच नव्हतं, घाबरला बिचारा आणि माझ्यासमोर सगळं पुसलं.

दूरदेशी आर्वीकर

मोहाचं झाड, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. इथल्या सरकारी पडताळणीच्या नोंदीच चोरीला गेल्याचं २०१५ मध्ये उघड झालं, २ कोटी १५ लाख लोकांच्या. ज्या फॉर्मात माणसानं आपलं कर्ज, आजार, नातेवाईक सगळं खरं लिहिलं, तोच फॉर्म परक्याच्या हातात पडला. खरं लिहा म्हणणाऱ्यानं ते सांभाळायलाही पाहिजे.

माजी सुभेदार

आणि पोट्टे हो, रील बनवणं बंद करा. गेटसमोर उभं राहून, गळ्यात पास घालून फोटो टाकता. मग कोण्या अनोळखी पोरीची फ्रेंड रिक्वेस्ट येते, गोड बोलते, हळूच विचारते शिफ्ट कितीची, आत काय बनते. २०१८ मध्ये नागपुरात क्षेपणास्त्राच्या प्रकल्पातल्या इंजिनिअरला अटक झाली तेव्हा अशाच खोट्या प्रोफाइलची चर्चा होती. इतक्या शिकलेल्याच्या दाराशी ते येते तर आपल्या खेड्यातल्या पोराच्या का नाही येणार? आली रिक्वेस्ट, तर लपवू नका, साहेबाला सांगा. सांगणाऱ्याला कोणी फाशी देत नाही.

वर्धेकर मास्तर

ताई, नकलेचं काय झालं? सोमवार जवळ आला.

पऱ्हाटीचं फूल

सगळ्यांची खूप आभारी आहे. काल नक्कल मिळाली. वकीलसाहेब, तुम्ही म्हणालात तसंच निघालं: कोर्ट उठेपर्यंत कैद आणि ४०० रुपये दंड. कलमं भावाला आठवत होती त्यापेक्षा एक जास्त आहे, महाराष्ट्र पोलीस कायद्याचं १३५. बरं झालं थांबलो. पावतीवरची तारीख आणि आदेशाची तारीख एकच आहे.

भाऊ आधी चिडला होता. म्हणाला, कापसाला भाव मागितला ह्याची शिक्षा जन्मभर लिहीत बसू का. मी त्याला गेट नंबर दोन यांचं आणि झाडीपट्टी ताईंचं वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, 'माझ्या बाजूच्या टेबलावर जो बसंल त्याचाही फॉर्म खरा असला पाहिजे न.' रात्री चुलीपाशी बसून स्वतःच्या हातानं भरला, झेरॉक्सवाल्याकडे दिला नाही. वेगळ्या कागदावर हे लिहिलं आहे, वकीलसाहेब, एकदा बघाल का:

'वय १९ असताना कापसाच्या भावासाठी गावच्या रास्ता रोकोत मी सामील होतो. त्याबद्दल वरोरा येथील न्यायालयात मी गुन्हा कबूल केला. मला न्यायालय उठेपर्यंत कैद व ४०० रुपये दंड झाला, तो मी त्याच दिवशी भरला. आदेशाची प्रमाणित प्रत व पावती जोडली आहे. याशिवाय माझ्यावर कोणताही गुन्हा नाही.'

काळा कोट

उत्तम लिहिलं आहे. खटल्याचा क्रमांक आणि आदेशाची तारीख पहिल्या ओळीत घाला. कलमं नकलेत आहेत त्याच क्रमानं लिहा. आणि मूळ पावती देऊ नका, सत्यप्रत द्या. पावती पेटीतच राहू द्या.

पऱ्हाटीचं फूल

घातलं. आईनं पावती परत पेटीत ठेवली. सोमवारी पहिल्या एसटीनं जातोय.